ब्रूसची हितचिंतक

रेजिना लोपीस मला दिसायच्या आधी ऐकू आली.

मेलबर्नमधल्या डँडेनॉन्गच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगच्या वर्गाचा पहिला दिवस होता. ट्रिश नावाची आमची शिक्षिका पडद्यावर ब्रूसची ओळख करून देत होती. ब्रूस प्लंबर होता. तो कुठेही राहत नव्हता, कारण तो मुळात नव्हताच. अभ्यासक्रम लिहिणाऱ्या कुणीतरी आमच्या सरावासाठी त्याला जन्माला घातलं होतं. वर्षभर सगळ्या वर्गाने त्याचाच हिशोब लिहायचा होता. त्याची बिलं, त्याचे पाइप, त्याच्या व्हॅनचं पेट्रोल.

"तर हा ब्रूस एकटाच धंदा चालवतो, आणि त्याला हिशोबाला वेळ मिळत नाही," ट्रिश म्हणाली. आम्ही सगळे आज्ञाधारक बाळांसारखे लिहून घेत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून खणखणीत प्रश्न आला.

"ह्याची बायको कुठे असते?"

प्रश्न इंग्रजीत होता, पण हेल असा की मला मागे न बघताच समोर केळीच्या बागा दिसल्या.

ट्रिश गोंधळली. "बायको? तिच्याबद्दल काही दिलेलं नाहीये, रेजिना. ही नुसती केस स्टडी आहे."

"दिलेलं नाही म्हणजे सोडून गेली असणार," रेजिना शांतपणे म्हणाली. "म्हणूनच बिलं साठलीत."

मी वळून पाहिलं. बुटकी, साठीच्या आसपासची, पांढरे केस मुलासारखे कापलेले, आणि अंगात कारखान्यात घालतात तसं चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जॅकेट. रस्ता खणायला निघालेली बाई चुकून आमच्या वर्गात शिरली असावी असं वाटत होतं. पुढे कळलं की गोठवलेल्या भाज्यांच्या ज्या कारखान्यात तिने वीस वर्षं पाकिटं भरली, तो बंद पडला तेव्हा निरोपाच्या भाषणाबरोबर प्रत्येकाला ते जॅकेट मिळालं होतं. "भाषण विसरले," ती म्हणायची, "जॅकेट उबदार आहे."

मधल्या सुट्टीत मी नवऱ्याशी फोनवर भांडत होते. फोन ठेवला तर ती समोर उभी.

"मराठी? कुठली गं तू?"

"ठाण्याची. मेधा."

"मी वसईची. म्हणजे शेजारीच की! बस इथे."

ठाणं आणि वसई हे शेजारी आहेत, हे समजायला मला मेलबर्नला यावं लागलं. ठाण्यात असताना वसईला मी फार तर दोनदा गेले असेन, तेही कुणाच्या तरी लग्नाला. तिने डबा उघडून माझ्यासमोर सुकेळी, म्हणजे वसईची सुकवलेली केळी, ठेवली आणि मी काही विचारायच्या आत स्वतःचं नामकरणही उरकून टाकलं. "मला आंटी म्हणायचं नाही. इथे सगळे आंटी म्हणतात, मला घाऊक बाजारात आल्यासारखं वाटतं. रेजिना म्हण, नाहीतर रेजिनाबाय म्हण." मी रेजिनाबाय पत्करलं.

आता मी त्या वर्गात काय करत होते, तेही सांगून टाकते. मी एम.ए. झालेली, पन्नाशीला टेकलेली, पाळणाघरात दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसून कंटाळलेली बाई होते. घरातली माझी स्वतःची दोन मुलं माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देत होती, आणि बरीचशी उत्तरं एका शब्दाची होती. कुठल्यातरी ऑफिसात खुर्चीवर बसून, गरम कॉफी घेत, शांतपणे आकडे लिहावेत एवढंच माझं स्वप्न होतं. डेबिट म्हणजे येणं की जाणं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज मी त्यावरच पोट भरते, तरी एकदम विचारलं तर मला एक क्षण छताकडे बघावं लागतं.

पुढची गोष्ट कळायला इथल्या कॉलेजची एक रीत ठाऊक असायला हवी. इथे शंभरपैकी गुण नसतात. पहिला नंबर नसतो. मुख्य म्हणजे नापास नसतं. तुम्ही काम नीट करून दाखवलंत की तुम्ही 'कॉम्पिटन्ट'. नाही दाखवलंत तर 'नॉट यट', म्हणजे अजून नाही. रागावणं नाही, लाल शाई नाही. "नॉट यट, डार्ल," असं ट्रिश इतक्या मायेने म्हणायची की आपण काहीतरी मिळवलंय असं वाटावं. मग तोच पेपर पुन्हा द्यायचा. तरी नाही जमलं तर पुढच्या सत्रात पुन्हा नाव घालायचं. आपल्याकडच्या निकालाच्या दिवसांत मोठं झालेल्या माणसाला ही व्यवस्था पचायला जड जाते. पहिल्या पेपरात मी 'कॉम्पिटन्ट' झाले तेव्हा मी ट्रिशला हळूच विचारलं होतं, "पण किती?" ती म्हणाली, "किती म्हणजे?" आमचा संवाद तिथेच संपला.

रेजिनाबायला मात्र ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून मानवली. तिने ती दोनदा समजावून घेतली. "म्हणजे नापास करता येतच नाही? कितीही वेळा?" ट्रिशने तिला धीर द्यायला सांगितलं, की अजिबात नाही, काळजीच करू नकोस. रेजिनाबायच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मला तेव्हा बिचारी धास्तीतून सुटल्याचा वाटला.

आमचा पहिला मोठा पेपर ब्रूसच्या बोटीचा होता. ब्रूसने धंद्याच्या खात्यातून मासे पकडायची बोट घेतली होती, आणि ती हिशोबात कुठे लिहायची ते आम्ही दाखवायचं होतं. सगळे घाम पुसत रकाने भरत होते. रेजिनाबाय भराभरा लिहीत होती आणि सगळ्यांच्या आधी कागद देऊन बाहेर गेली. ट्रिशने कागद वाचला, चष्मा काढला, डोळे पुसले, आणि पुन्हा वाचला. नंतर तिने तो रेजिनाबायच्या परवानगीने वर्गाला वाचून दाखवला.

"प्रिय ब्रूस, तुझ्या पाठीचं दुखणं अंगावर काढू नकोस. बोट विक. मासे बाजारात मिळतात. आणि मुलांना फोन करत जा. तुझी हितचिंतक, रेजिना."

ब्रूसची पाठ दुखते असं अभ्यासक्रमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. "औषधाच्या दुकानाचं बिल दोन महिने येतंय," रेजिनाबाय म्हणाली, "आणि त्याच महिन्यांत कामं कमी झालीत. मग काय नाचायला गेला होता?" आम्ही सगळ्यांनी कागद चाळले. बिलं खरंच होती. ज्याने तो अभ्यासक्रम लिहिला, त्यालाही ब्रूसच्या पाठीची कल्पना नसेल.

"ब्यूटिफुल," ट्रिश म्हणाली. "पण नॉट यट, डार्ल."

"नो वरीज," रेजिनाबाय म्हणाली आणि खुशीत सुकेळीचा डबा फिरवला.

त्यानंतर हा शिरस्ताच पडला. आम्ही हिशोब लिहायचो, ती पत्रं लिहायची. ट्रिशने काहीही विचारलं, की रेजिनाबायचं ठरलेलं वाक्य यायचं, "मालकाला बोलव." बँकेशी खातं का जुळत नाही? मालकाला बोलव. ही पावती कसली? मालकाला बोलव, त्याला विचारू, आपण कशाला डोकं फोडायचं? जो मालक नव्हताच त्याला ती इतक्या वेळा बोलवायची, की कधीतरी तो दार ढकलून आत येईल असं मलाही वाटायला लागलं होतं. दुसरं तिचं आवडतं वाक्य होतं, "घाई कसली, बाय?" हे ती मला पेपरच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासाला, सिग्नल हिरवा झाल्यावर, कधीही म्हणायची.

वर्गाला तिचं वेड लागलं. ट्रक चालवणारा हरप्रीत तर रोज आल्याआल्या विचारायचा, "आंटी, ब्रूस भाई कैसे हैं?" आणि ती त्याला आंटी म्हणू द्यायची, कारण "तो ब्रूसची चौकशी करतो, तू करत नाहीस." एकदा तो कळवळून म्हणाला, "आंटी, ब्रूस को छोड़ो यार, अपना क्वेश्चन करो. पास हो जाओ." रेजिनाबायने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तिला विहिरीत उडी मारायला सांगितलं होतं.

मला घरी सोडायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. सायमनची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, रंगकामाची व्हॅन ती चालवायची. टपावर शिडी, मागे डबे खडखडताहेत, आणि ही नारिंगी जॅकेटवाली बाई दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ती व्हॅन एका दमात लावायची. एका संध्याकाळी मी तिच्या शेजारी रडकुंडीला येऊन बसले होते. बँकेशी खातं जुळवण्याचा पेपर होता आणि माझं काही केल्या जुळत नव्हतं.

"काय जुळत नाही?" तिने आरशात बघत विचारलं.

"ब्रूसचं. बँकेत जास्त दिसतंय, आपल्याकडे कमी."

"अगं, त्या शाळेने दिलेला चेक तू लिहिलाच नाहीस, तो थेट बँकेत गेलाय. आणि पाइपवाल्याचं बिल तू दोनदा मांडलंस. एकदा बिल आलं तेव्हा, एकदा पैसे दिले तेव्हा. एक खोड, दुसरा लिही, जुळेल." तिने वळण घेतलं. "आणि बोट धंद्यात लिहू नकोस. ती त्याच्या मौजेची आहे. मालकाने स्वतःसाठी उचल घेतली म्हणून मांड, आणि तिच्यावरचा जीएसटी परत मागू नकोस. त्यात सगळे फसतात."

माझा कागद तिने वर्गात येताजाता पाहिला असेल तेवढाच. आता तर तिने तो हातातही घेतला नव्हता.

"रेजिनाबाय," मी म्हटलं, "तुला हे सगळं येतंय?"

"त्यात काय आहे?"

"मग तू ब्रूसला पत्रं का लिहीत बसतेस?"

तिने व्हॅन एका बंद पडलेल्या गाद्यांच्या दुकानासमोर उभी केली, इंजिन बंद केलं आणि मला सगळं सांगितलं.

कारखाना बंद पडला त्याच सुमाराला सायमनचे गुडघे गेले. एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "आता पुरे. चल, वसईला जाऊन राहू." रेजिनाबायला ते नको होतं. तिथे सायमनचं मोठं घर आहे, तीन भाऊ, तीन जावा, सगळे चांगले, सगळे प्रेमळ. "तेच तर," ती म्हणाली. "वाईट असते तर भांडता आलं असतं." त्या घरात लग्न होऊन गेली तेव्हा ती सगळ्यांत धाकटी होती. तिला कुणी नावाने हाक मारली नाही. "धाकटीला सांग, धाकटीला दे, धाकटी करेल. अजून तसंच आहे. गेल्या वेळी सुट्टीला गेले, तर थोरलीने मला मिठाचं प्रमाण दाखवलं. मी आजी झालेय, मेधा! इथे मला बँकेतली पोरगी रेजिना म्हणते, ट्रॅफिक पोलिसाने दंड केला तोसुद्धा रेजिनाच्या नावाने. मी तिकडे जाऊन पुन्हा धाकटी होणार नाही."

"मग सायमनला सांग की."

"कसं सांगू? तीस वर्षं शिडीवर उभा राहिला तो माणूस, त्याच घराची स्वप्नं बघत. त्याला तोंडावर नाही म्हणू?"

म्हणून त्या सकाळी नाही न म्हणता ती भलतंच म्हणाली होती. फ्रिजवर कॉलेजचं पत्रक चिकटवलेलं होतं, नजर तिथे गेली, आणि तोंडातून निघालं, "माझा कोर्स आहे." सायमनने विचारलं, कसला? तिने पत्रकावरचं पहिलं नाव वाचलं. "इंग्रजीत ए पहिला, म्हणून अकाउंटिंग," ती म्हणाली. "वेल्डिंग पहिलं असतं तर आज मी वेल्डर असते."

सायमनला इतका आनंद झाला की त्याने दुसऱ्याच दिवशी फी भरली. "शिक तू," तो म्हणाला. "तुझा कोर्स होऊ दे, मग जाऊ."

"कोर्स झाला की जायचं," रेजिनाबायने व्हॅन पुन्हा चालू केली. "म्हणून कोर्स होत नाही. घाई कसली, बाय?"

त्यानंतर मी तिची नुसती वर्गमैत्रीण उरले नाही, कटातली साथीदार झाले, आणि खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. वर्ष संपलं. मी कॉम्पिटन्ट झाले, एका गोदामाच्या ऑफिसात चिकटले, गरम कॉफी मिळाली. हरप्रीतही सुटला. रेजिनाबाय नव्या वर्गात पुन्हा मागच्या रांगेत जाऊन बसली आणि नव्या मुलांना तिने विचारलं, "ह्याची बायको कुठे असते?" सायमन मला दुकानात भेटला की काळजीने विचारायचा, "मेधा, अभ्यास फार कठीण आहे का गं? ती रात्रंदिवस वाचते बिचारी." सायमन उंच, वाकलेला, नखांत कायम पांढरा रंग, आणि आवाज इतका मऊ की त्याने भावांशी जमिनीचा वाद केला तरी आशीर्वाद दिल्यासारखा वाटावा. "कठीणच आहे," मी म्हणायचे. तो मान हलवायचा आणि तिच्यासाठी बदाम घ्यायचा.

तिसऱ्या वर्षी ट्रिश आडवी आली. ट्रिश देवमाणूस होती, आणि घात नेहमी असल्याच माणसांकडून होतो. तिने ठरवलं की रेजिनाला सगळं समजतं, फक्त लिहिताना अडतं. नियमात तोंडी परीक्षेची सोय होती. तिने मला फोन केला. दुभाषी म्हणून येशील का? रेजिनाला तिच्या भाषेत उत्तरं देता आली तर ती नक्की पार पडेल.

वीस वर्षं कारखान्यात सुपरवायझरशी इंग्रजीत भांडलेली रेजिनाबाय त्या दिवशी इंग्रजी साफ विसरून आली होती. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर, चेहऱ्यावर पहिलीतल्या मुलीचा निरागसपणा. ट्रिश इंग्रजीत विचारायची, मी मराठीत सांगायचे.

"रेजिनाबाय, ती विचारतेय, पाइपवाल्याचं बिल कुठे मांडशील?"

"माहीत नाही म्हणावं."

"शी डझन्ट नो."

"व्हॅनची घसारा-वजावट?"

"ते काय असतं?"

"व्हॅन जुनी होते त्याची किंमत गं."

"माहितेय मला! तू नको शिकवूस. माहीत नाही म्हणून सांग तिला."

मी हसू दाबायला खोकले. ट्रिशने मला पाणी दिलं. असे बरेच प्रश्न झाले आणि प्रत्येक चौकटीत रिकामी जागा राहिली. ट्रिशचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिने पेन खाली ठेवलं. "ठीक आहे," ती म्हणाली, "आज उत्तरं नकोत. मीच बोटीचं उदाहरण करून दाखवते, तू नुसतं बघ." आणि तिने कागदावर लिहायला सुरुवात केली. बोट टाकली ऑफिसच्या खर्चात. जीएसटी मागितला परत.

रेजिनाबायने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. ट्रिशने पुढे शाळेचा चेक दोनदा मांडला. रेजिनाबायची चुळबुळ सुरू झाली. तिने जॅकेटची चेन खाली केली, वर केली. ट्रिशने शांतपणे व्हॅनचं पेट्रोल बोटीत घातलं.

"नो!" रेजिनाबाय उभी राहिली. "नो, नो, नो! काय चाललंय? बोट त्याची स्वतःची आहे, धंद्याची नाही! ती उचल आहे, ड्रॉइंग्ज! जीएसटी कसला मागतेस, सरकार घरी येईल! आण ते पेन!" सगळं इंग्रजीत, अस्खलित. तिने ट्रिशच्या हातातून पेन ओढलं आणि उभ्या उभ्या ब्रूसचा अख्खा महिना सुधारला. व्हॅनची घसारा-वजावट मांडली, पाइपवाल्याचं बिल लावलं, बँकेशी खातं जुळवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाली, "बिचाऱ्याला तुरुंगात घालशील अशाने!"

ट्रिशने सगळ्या चौकटींवर एकामागून एक खुणा केल्या, उठून तिला मिठी मारली आणि म्हणाली, "कॉम्पिटन्ट, डार्ल. काँग्रॅच्युलेशन्स." तिने मुद्दाम चुका केल्या की खरंच दमली होती, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी पुष्कळदा विचारलं. ती हसते.

मिठीत अडकलेल्या रेजिनाबायचा चेहरा मला ट्रिशच्या खांद्यावरून दिसत होता. जन्मठेप झालेली बाई तशीच दिसत असेल.

पुढच्या आठवड्यात वर्गात छोटा समारंभ झाला. इथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणला होता. मी सामोसे नेले होते. सायमन इस्त्रीचा शर्ट घालून केक घेऊन आला. रेजिनाबायला सर्टिफिकेट मिळालं, टाळ्या झाल्या, आणि सायमनने सगळ्यांसमोर आपल्या मऊ आवाजात जाहीर केलं, की आता ते दोघं कायमचे वसईला जाणार, तारखा बघायला घेतल्यात. पुन्हा टाळ्या झाल्या. रेजिनाबायने केक कापला. सुरी तिने जरा जास्तच खोल घातली.

नंतर पार्किंगमध्ये मी उरलेल्या सामोशांचा ट्रे हातात घेऊन त्यांच्या व्हॅनपाशी दोघांच्या मधे सापडले. ते दोघं आपापसात बोलायचे ती बोली मी लिहायला गेले तर चुकेन, म्हणून सरळ करून सांगते.

"मी येत नाही," रेजिनाबाय म्हणाली.

"कुठे?" सायमनने दार उघडत विचारलं.

"वसईला."

"बरं, नाताळानंतर जाऊ."

"नाताळानंतर नाही. कधीच नाही. सुट्टीला येईन. राहायला येणार नाही."

सायमन दाराला धरून उभा राहिला. "पण तुझा कोर्स..."

"कोर्स म्हणूनच तर लांबवला."

"तीन वर्षं?"

"मग काय करणार? तू मला विचारलंस कधी?"

"तू मला सांगितलंस कधी?"

दोघं एकदम माझ्याकडे वळले. "मेधा," सायमन म्हणाला, "तुला माहीत होतं?"

मी एक अख्खा सामोसा तोंडात घातला. आयुष्यात घेतलेल्या शहाण्या निर्णयांपैकी तो एक.

सायमनने खाली डांबराकडे बघितलं. मग म्हणाला, "मी तुला वेगळं स्वयंपाकघर बांधून घेतलंय. वरच्या मजल्यावर. जावांपासून लांब. जिनासुद्धा बाहेरून आहे. तुझा कोर्स संपल्यावर सांगणार होतो."

मी सामोसा चघळायची थांबले. ह्या माणसाला सगळं दिसलं होतं. मिठाचं प्रमाण, धाकटी, सगळं. त्यानेही तीन वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

रेजिनाबायचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, झालं, आता ही जाणार. मी असते तर गेले असते. एवढं केल्यावर कुणीही गेलं असतं. तिने पुढे होऊन त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि हात तिथेच राहू दिला.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "फार चांगलं केलंस. पण मला यायचं नाही, सायमन."

तो व्हॅनला वळसा घालून गेला, पलीकडच्या सीटवर बसला, केकचा डबा मांडीवर घेतला आणि पट्टा लावला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "चल की. चालवणार कोण? माझे गुडघे दुखतात."

ते गेले नाहीत. म्हणजे सायमन जातो. दरवर्षी मेलबर्नची थंडी पडली की तो वसईला जाऊन वरच्या मजल्यावर राहतो, स्वतःच्या हाताने कालवण करतो आणि त्याचे फोटो पाठवतो. थोरल्या वहिनी बाहेरच्या जिन्याने वर येऊन त्याला मिठाचं प्रमाण सांगतात. थंडी ओसरली की तो परत येतो, एक पोतंभर गप्पा घेऊन. रेजिनाबाय रंगारी, टाइलवाले, बागकामवाले अशा लोकांचे हिशोब लिहिते. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं, की वही उघडायच्या आधी ती त्याला घरचं सगळं विचारते. काही पळून जातात. बरेच टिकतात.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही सिडनीला, टूनगॅबीला राहायला आलो. निघायच्या आदल्या दिवशी ती सामान बांधायला आली होती. वर्तमानपत्रात काचेचे ग्लास गुंडाळत आम्ही जमिनीवर बसलो होतो, आणि इतके दिवस ओठांवर आलेलं मी शेवटी बोलून टाकलं.

"रेजिनाबाय, एक विचारू? त्या पहिल्याच सकाळी, चहा पिताना, तू सायमनला सरळ 'मला यायचं नाही' म्हणाली असतीस तर? तीन वर्षांचा हा सगळा खटाटोप वाचला असता."

तिने ग्लास उजेडात धरून पाहिला, तडा नाही ना याची खात्री केली, आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की एम.ए.पर्यंतचं माझं सगळं शिक्षण तिथल्या तिथे 'नॉट यट' झालं.

"अगं वेडे," ती म्हणाली, "मग तीन वर्षं हा कोर्स मला कुणी करू दिला असता?"